मिशनच्या शाळेत माया कशी रुजवायची: कॅटलॉगपासून डब्यापर्यंत

आधी स्वतःचीच एक चूक सांगते. मी २२ वर्षं मिशनच्या शाळांत शिकवतेय, आधी एका आणि आता दुसऱ्या, दोन्ही सिंधुदुर्गातल्याच, नावं घेत नाही. पहिल्या शाळेत आम्ही एका वर्षी उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) दया सप्ताह केला होता, म्हणजे चार्ट पेपर, कापसाची कबुतरं, निबंध स्पर्धा, शेवटच्या दिवशी फादरांचं भाषण, सगळं यथासांग. आणि त्याच दिवसांत माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा शाळेत येत नव्हता. मी रोज कॅटलॉगमध्ये त्याची गैरहजेरी मांडत होते आणि पुढच्या नावावर जात होते. असे ११ दिवस. बाराव्या दिवशी तो आला, मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, खंय होतंस रे इतके दिस? तर म्हणाला, "बापाशीच्या पायार चिरो पडलो टीचर. आवस हॉस्पिटलात होती, बारक्या भावाक कोण बघतलो?" चिरेखाणीवर काम करणारं कर्नाटकातलं कुटुंब, पोरगा इथेच वाढलेला, मालवणी आमच्यापेक्षा झ्याक. आणि दयेवरच्या निबंधाचा पहिला नंबर त्याच्याच शेजारी बसणाऱ्या मुलीला मिळाला होता, तिलासुद्धा तो कुठे आहे ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, शाळेत करुणा वगैरे रुजवायची असेल तर आधी विचारपूस बसवा, बाकीचं मागाहून. कोण आलं नाही, का आलं नाही, कोण एकटं बसतंय, हे कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे, आणि ते एखाद्या मायाळू टीचरच्या स्वभावावर सोडून चालत नाही, वेळापत्रकात बसवावं लागतं. खाली लिहिलंय ते आम्ही करून, चुकून, परत करून बघितलेलं आहे. मी स्वतः कॅथलिक नाही, पण इतकी वर्षं सिस्टर आणि फादर लोकांबरोबर काढल्यावर काही गोष्टी आतून कळतात.

पहिली पायरी: कपाटाच्या दारावरची नावं

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात स्टाफरूममधल्या एका कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्या मुलांच्या नावांच्या याद्या चिकटवा. आतल्या बाजूला, कारण मुलांना दिसता कामा नये. मग प्रत्येक टीचरने टिकल्यांचं पाकीट घ्यायचं आणि ज्या मुलाबद्दल आपल्याला अभ्यासाबाहेरची एक तरी गोष्ट माहीत आहे त्याच्या नावापुढे टिकली लावायची. "गणितात कच्चा" हे चालणार नाही. "बापूस ट्रॉलरवर आहे", "आजीकडे राहतो", "नवीन वासरू आलंय घरात" अशी काहीतरी. दोन दिवसांत चित्र समोर येतं, हुशार आणि मस्तीखोर मुलांपुढे टिकल्यांची रांग आणि मधली शांत मुलं कोरी. माझ्या ४८ च्या वर्गात ७ नावं कोरी निघाली आणि त्यातल्या दोघांचे चेहरे मला पटकन आठवेनात, खोटं कशाला बोलू.

ही कोरी नावं स्टाफने वाटून घ्यायची, प्रत्येकी दोन किंवा तीन, जास्त नकोत. करायचं एवढंच की आठवड्यातून एकदा त्या मुलाशी दोन मिनिटं बोलायचं, तेही अभ्यासाचं सोडून. उपदेश नाही, चौकशीचा सूर नाही. आमच्याकडे आंबा बागा राखणाऱ्या नेपाळी गुरख्यांची मुलं असतात, त्यांच्याशी सुरुवात कुठून करायची कळत नाही, तर त्यांच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात तेवढं विचारा, पुढचं ती बोलतात.

याच पायरीत गैरहजेरीचा नियम बसवून टाका. एक दिवस नाही आलं तर वर्गात विचारायचं, दुसऱ्या दिवशी घरी फोन, तिसऱ्या दिवशी कोणीतरी प्रत्यक्ष. प्रत्यक्ष म्हणजे टीचरच पाहिजे असं नाही, त्याच वाडीतला एखादा मुलगा, रिक्षावाले काका, चर्चमधलं कोणी. प्रत्येक मुलाचा वाडीतला एक जोडीदार आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दुसरी पायरी: सकाळची असेंब्ली

इथे थोडं कायद्याचं आणि थोडं अकलेचं. आपल्या भागातल्या मिशनच्या शाळांत बहुतेक मुलं हिंदू, मुसलमान, बौद्ध घरांतली असतात, कॅथलिक मुलं वर्गात मोजकी. सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा होऊन सावंतवाडीला आला तो २००५ मध्ये, पण इथल्या मिशनच्या शाळा त्याच्या कितीतरी आधीच्या आणि पहिल्यापासून सगळ्या गावाच्या. संविधानाचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा आणि बाकीच्यांचं मूल्यशिक्षण वेगळं. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेसुद्धा २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना केल्या की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या, सगळ्या धर्मांसाठी प्रार्थनेची जागा ठेवा. उद्देशिकेत बंधुता आहेच, तेव्हा विषयाला सोडून काही नाही.

आम्ही उद्देशिका, एक साधी प्रार्थना, आणि मग एक मिनिट "आज कोणासाठी" असं ठेवलं. एक वर्ग रोज एक गोष्ट सांगतो, अमुकची आजी आजारी आहे, तमुकच्या बाबांची होडी अजून आली नाही, बारावीच्या दादाची परीक्षा आहे. ज्याच्याबद्दल सांगायचं त्याला आधी विचारायचं, त्याने नको म्हटलं तर नाही. सगळे क्षणभर गप्प. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लोकांच्या प्रार्थना असतात, एकेक मागणं सांगायचं आणि सगळ्यांनी "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं, तो प्रकार मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमच्या देवळातलं गाऱ्हाणंच आठवलं. तिथे गुरव बोलतो आणि लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, मागणं तेच, पोराबाळांका सुखी ठेव. एकदा एका पोराने असेंब्लीत चुकून जोरात "व्हय म्हाराजा" म्हटलंच, सगळी शाळा हसली, प्रिन्सिपल सिस्टरपण हसल्या. (मुद्दाम तसं म्हणायला लावू नका, ते नाटक होतं.)

तिसरी पायरी: गजालीचा तास

गजाली म्हणजे मालवणीत गप्पा. यावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. आठवड्यातून एक ३५ मिनिटांचा तास, शक्यतो शुक्रवारी शेवटचा नको, कारण तेव्हा मुलांचं लक्ष एसटीकडे असतं. बुधवारी मधल्या सुट्टीनंतरचा चांगला. बेंच भिंतीला सरकवायचे, खाली चटई, सगळ्यांनी गोल बसायचं, टीचरनेपण खाली, गुडघे दुखत असतील तर स्टूल घ्या पण टेबलामागे जाऊ नका. मध्ये एक करवंटी ठेवायची. करवंटी ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीचे ऐकणार, बोलायचं नसेल तर पुढे सरकवायची, आणि सरकवली म्हणून कोणी काही म्हणायचं नाही. वर्ग ५० चा असेल तर दोन गोल करा, नाहीतर आपली पाळी येईपर्यंत मुलं पेंगतात.

पहिल्या महिन्यात एकदम भावनेचे प्रश्न विचारू नका. तुला कशाचं दुःख आहे असं पहिल्याच दिवशी विचारलं तर मुलं टीचरला आवडेल ते उत्तर देतात, तशी ती हुशार असतात. हलके प्रश्न घ्या: तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं? पावसात शाळेला येताना कुठे भिजायला होतं? घरातलं कुठलं काम तुम्हाला अजिबात आवडत नाही? पहिलं उत्तर टीचरने द्यायचं आणि खरं द्यायचं. मी म्हटलं होतं की मला भांडी घासायचा कंटाळा येतो म्हणून मी ती नवऱ्यावर ढकलते, त्यावर वर्ग पाच मिनिटं हसला आणि मग एकेक जण सुटला. दुसऱ्या महिन्यापासून हळूहळू: कोणी तुमच्याशी नीट वागलं ती गोष्ट सांगा, कोणाला तरी सॉरी म्हणायचं राहून गेलंय का, वर्गात कुठे बसलं की एकटं वाटतं.

तीन आठवडे काही होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. करवंटी नुसती फिरेल, पोरं खिदळतील, कोणीतरी ती डोक्यावर ठेवेल. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखादं मूल असं काही बोलतं की वर्ग गप्प होतो, तिथे टीचरने लगेच तोंड उघडून तात्पर्य सांगायचं नाही. ही माझी सगळ्यात जुनी खोड, अजून जात नाही.

गोलातलं गोलात राहील असं मुलांना सांगतो, पण त्याला एक अपवाद पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचा: कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असं वाटलं तर टीचर गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे "शाळेचं नाव खराब होईल" हा विचार डोक्यात येऊच द्यायचा नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून शाळांत असायलाच हवी, ती कागदावर आहे की खरोखर बसते ते बघा, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मुलींच्या आणि मुलांच्या, दोन्ही बाथरूमच्या बाहेर लावा.

डब्याची वेळ

मधल्या सुट्टीत शाळेचं खरं रूप दिसतं. गाबितांच्या (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) पोरीला "तुझ्या डब्याक वास येता" म्हणणारी मुलं आमच्याकडेपण होती, आणि घरी तीच मुलं बांगड्याच्या तिखल्याशिवाय जेवत नाहीत. शिवाय शाळेची खिचडी खाणारे एका बाजूला, घरचा डबा आणणारे दुसऱ्या बाजूला, आपोआप दोन जाती तयार होतात.

आम्ही चौकड्या केल्या. महिन्याच्या पहिल्या दिवशी चिठ्ठ्या काढायच्या, चार-चार जण, त्यांनी महिनाभर एकत्र जेवायला बसायचं. डबे मिसळा, एकमेकांचं खा, असं मी कधीच सांगत नाही आणि तुम्हीपण सांगू नका. कोणाचा सोमवार शिवराक म्हणजे शाकाहारी, कोणाचा रोजा, कोणाचा उपवासकाळातला शुक्रवार म्हणून मटण-चिकन बंद, कोणाच्या घरी काय चालत नाही हे आपल्याला काय माहीत. एकत्र बसणं पुरे. वाटून खायला ती स्वतःहून लागतात, साधारण तिसऱ्या दिवसापासून, लोणच्यापासून. टीचरनेपण आठवड्यातून एकदा स्टाफरूम सोडून एखाद्या चौकडीत डबा उघडायचा. गरीब मुलांसाठी शाळा काढणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को, त्यांनी १८८४ मध्ये रोमहून आपल्या लोकांना पत्र लिहिलं होतं त्यात हीच तक्रार होती, की खेळाच्या वेळी मोठी माणसं मुलांमध्ये दिसत नाहीत, मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवलं पाहिजे.

वर्गातही मिसळायची एक युक्ती आहे, अमेरिकेत ऑस्टिनला १९७१ मध्ये गोऱ्या-काळ्या मुलांचे वर्ग एकत्र आल्यावर एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने काढलेली, जिगसॉ. धडा पाच तुकड्यांत वाटायचा, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, त्याने तो समजून घेऊन बाकी चौघांना शिकवायचा. मग ज्याला कोणी विचारत नाही त्याच्याशिवाय धडाच पुरा होत नाही. इतिहास-भूगोलाला मस्त चालते, गणिताला नाही.

भांडण झालं की

"सॉरी म्हण त्याला" हे बंद करा. सॉरी म्हणून पोरगं सुटतं आणि ज्याला लागलं तो तसाच राहतो. त्याऐवजी दोघांना वेगवेगळं घेऊन तीन प्रश्न: काय झालं? कोणाला काय लागलं? आता नीट कसं करायचं? तिसऱ्याचं उत्तर मुलांकडूनच यायला हवं. एकाने दुसऱ्याची छत्री मोडली तर नुसती माफी काय कामाची, आठवडाभर त्याला आपल्या छत्रीतून बसस्टॉपपर्यंत सोड. हे काही नवीन फॅड नव्हे, फादरांना विचारा, कुमसाराला, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली द्यायला, गेल्यावरसुद्धा पश्चात्ताप आणि कबुली झाली की पुढे भरपाई असतेच.

आणि बघ्यांना सोडू नका. फिनलंडमध्ये टुर्कू विद्यापीठाने दादागिरीविरुद्ध किवा नावाचा कार्यक्रम तयार केला त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे, हसणारे नसले तर चिडवणाऱ्याला मजाच येत नाही. मी भांडणानंतर आजूबाजूच्या पाच-सहा जणांना विचारते, तू तेव्हा कुठे होतास, काय करता आलं असतं. मारामारीत पडायचं नाही, नुसतं जाऊन पडलेल्याचं दप्तर उचलून दिलं तरी चालेल.

छडीबद्दल एवढंच. मिशनची शाळा म्हणजे शिस्त आणि शिस्त म्हणजे मार, असं अजून काही पालक अभिमानाने सांगतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक आणि मानसिक शिक्षा दोन्ही मना करतं. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं काही जण पुढे करतात, निकाल खरा आहे, पण म्हणून ख्रिस्ताच्या नावाच्या शाळेत पट्टी काढायची?

मदत करायची ती कशी

चर्चच्या शिकवणीत दयेची कृत्यं सात शरीराची आणि सात आत्म्याची, भुकेल्याला अन्न द्या, आजाऱ्याला भेटा वगैरे, शरीराची बरीचशी बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली. शाळांत त्याचं काय होतं, तर वृद्धाश्रमात बस नेतात, केळी वाटतात, फोटो काढतात. एका आजीने मला विचारलं होतं, "परत कधी येतलास?" आणि आम्ही परत गेलोच नाही. माझा नियम आता असा की जिथे चार वेळा जाता येणार नाही तिथे एकदाही जायचं नाही, आणि फोटो नाही.

करायचं असेल तर बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूची रीत घ्या, त्यांनी १९२५ च्या सुमारास तरुण कामगारांच्या संघटनेसाठी बसवली: पाहा, पारखा, करा. आमच्या आठवीने ती वापरली ते सांगते.

पाहा: जूनमध्ये काही मुलं वह्या-रेनकोटशिवाय येतात, फी थकते, कोण ती मुलं? बहुतेक बंदरावरची. पारखा: का? मुलांनीच शोधून काढलं. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद, आणि शाळा सुरू होते १५ जूनच्या आसपास. म्हणजे घरात पैसा येणं थांबतं त्याच महिन्यात दप्तर, वह्या, गणवेश, छत्री, फी सगळं एकदम. मी इतकी वर्षं शिकवतेय, दरवर्षी त्या मुलांना वही का नाही म्हणून उभं करत होते, हे गणित माझ्या कधी डोक्यात आलं नाही, तेरा वर्षांच्या मुलांनी मांडलं. करा: एप्रिलमध्ये निकालाच्या आधी सगळ्या शाळेने जुनी पुस्तकं, लहान झालेले गणवेश, रेनकोट, अर्ध्या कोऱ्या वह्या आणायच्या. कोऱ्या पानांच्या नवीन वह्या शिवायच्या. जूनमध्ये हॉलमध्ये टेबलं मांडायची आणि प्रत्येक मुलाने, डॉक्टरच्या मुलानेसुद्धा, तिथून निदान एक वस्तू घ्यायचीच. सगळेच घेतात तेव्हा गरीब कोण ते कळत नाही. पहिल्या वर्षी आम्ही गरजूंची यादी करून वाटलं होतं तेव्हा तीन मुलं त्या दिवशी शाळेलाच आली नव्हती, त्यातून हे शिकलो. आणि सिस्टरनी मॅनेजमेंटशी बोलून बंदरावरच्या मुलांची पहिल्या हप्त्याची तारीख नारळी पौर्णिमेनंतर नेली. ती नसती नेली तर वह्या शिवून काय उपयोग होता.

स्टाफरूम, पालक, सण

शिपाईमामांशी प्रिन्सिपल कशा बोलतात ते मुलं टिपतात. तात्पुरत्या टीचरना तुटपुंजा पगार तोही उशिरा देऊन त्यांच्याकडून मायेची अपेक्षा करणाऱ्या संस्था आहेत, तिथे वरचं काही चालणार नाही, आधी पगार द्या. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात शाळेचं वातावरण स्वातंत्र्याच्या आणि प्रेमाच्या भावनेने भारलेलं असावं असं म्हटलंय, वातावरण म्हणजे पगारपत्रकपण आलं त्यात.

पालकसभा सकाळी ११ ला ठेवली तर काजूच्या कारखान्यातल्या आया येणारच नाहीत, त्यांचा रोज बुडतो. रविवारी ठेवा. बरेच बाबा मुंबईला, ते चतुर्थीला येतात, तर एक सभा गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवसांत घ्या आणि आजी-आजोबांनापण पालकच धरा.

सणांचं फार काही करायला लागत नाही. नाताळला नेवऱ्या, चतुर्थीला मोदक, ईदला शीरखुर्मा हे इथे घरोघरी आधीपासून फिरतंय, शाळेने फक्त मध्ये स्पर्धा आणि परीक्षक आणू नयेत.

सुरुवात करणार असाल तर एकदम सगळं नको, पहिल्या वर्षी टिकल्या, गैरहजेरीचा नियम आणि डब्याच्या चौकड्या, एवढंच. गजालीचा तास दुसऱ्या वर्षी, तोवर स्टाफला एकमेकांची सवय होते. डिसेंबरात आणि मार्चमध्ये परत कपाट उघडून कोरी नावं किती उरली ते मोजा. आणि टिकल्यांचं एक सांगायचं राहिलं, आपल्याकडच्या पावसाळी ओलीत त्यांचा गोंद धरत नाही. आमच्या अर्ध्या टिकल्या जुलैत गळून कपाटाच्या तळाशी पडल्या होत्या, कोणाची कुठली काही कळेना, मग सगळ्या स्टाफला परत बसवून एकेका मुलाबद्दल विचारावं लागलं आणि त्यात आणखी चार नावं सापडली जी आम्हाला माहीत आहेत असं नुसतं वाटत होतं. पेनाने खूण केली तरी चालेल, पण मी अजून टिकल्याच वापरते.